चांदीवाल्या फ्लुरोसन्स स्लाइड्स : उजेड भारी, पण आपल्या खाऱ्या हवेत टिकवून दाखवा

रत्नागिरीत एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे मी, खाडीकडच्या तळ्यांतून येणाऱ्या कोळंबीत पांढऱ्या ठिपक्यांचा व्हायरस शोधायचं काम चालू असतं, अँटीबॉडी (व्हायरसला जाऊन चिकटणारं प्रोटीन) लावायची, तिला फ्लुरोसिन हा निळा उजेड पडला की हिरवा चमकणारा डाय जोडलेला, मग मायक्रोस्कोपखाली हिरवं दिसतंय का बघायचं. व्हायरस कमी असला की साध्या काचेवर काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून डाय जास्त उजळावा यासाठी चांदीच्या नॅनोकणांचा थर दिलेल्या स्लाइड्स मागवल्या. पाच स्लाइड्सना सीझनच्या पहिल्या हापूसच्या पेटीएवढे पैसे गेले, त्यात कुरिअर घाटात अडकून आठवडाभर उशिरा आलं, पण ते पावसाचं पाप.

स्लाइड अर्धी साधी काच आणि अर्धी पिवळसर तपकिरी, हे मला फार आवडलं, कारण एकाच थेंबाची दोन्हीकडे तुलना होते. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. घाईत डाय सरळ चांदीवर टाकला आणि चांदीची बाजू काचेपेक्षाही अंधारी! मला वाटलं गंडवलं. मग डोकं चाललं, डाय धातूला अगदी चिकटला, म्हणजे साधारण 5 नॅनोमीटरच्या आत आला, की चांदी त्याची ऊर्जाच गिळते. जरा लांब, दहाएक नॅनोमीटरवर ठेवला की मग मजा. आता एक अँटीबॉडीच 10 ते 15 नॅनोमीटर लांब, म्हणजे खाली अँटीबॉडी, मध्ये व्हायरसचं प्रोटीन, वर डायवाली अँटीबॉडी असा थर रचला की अंतर आपोआप जमतं. तसं केल्यावर सात-आठ पट उजळ आलं. पाकिटावर पन्नास पटीपर्यंत लिहिलंय, ते "पर्यंत" किती लवचिक असतं ते सेलमधल्या साड्या घेणाऱ्याला विचारा.

होतं काय तर कणांजवळ उजेडाचं फील्ड दाटतं म्हणून डायला जास्त खाद्य मिळतं, आणि डाय उजेड पटकन टाकून मोकळा होतो त्यामुळे जळतोही कमी. हे शेवटचं मला जास्त उपयोगी, पूर्वी फोकस करेपर्यंत हिरवं विझून जायचं. मेटल एनहान्स्ड फ्लुरोसन्स, म्हणजे धातूनं वाढवलेली चमक, हे नाव गेडीस आणि लाकोविक्झ या शास्त्रज्ञांनी 2002 ला वापरलं, म्हणजे तसं नवीन काही नाही, आपल्याकडे पोचायला वेळ लागला इतकंच.

आता तक्रार. ब्लँकपण चढतो! व्हायरस नसलेल्या सँपलची बाजूही थोडी उजळते, त्यामुळे सात-आठ पट उजेड म्हणजे सात-आठ पट कमी व्हायरसही सापडला असं नाही हो. ब्लँक वजा करून बघा आणि मग खूश व्हा.

आणि खरं दुखणं मीठ. धुण्याभिजवण्याच्या नेहमीच्या पीबीएस बफरमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खारट द्रावणात, लिटरला 8 ग्रॅम मीठ असतं, त्यात स्लाइड रात्रभर ठेवली तर सकाळी तपकिरी रंग फिका पडलेला, क्लोराइडनं चांदी खाल्ली. हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात शेवटच्या पानावर. मी आता बिनमिठाचा फॉस्फेट बफर आणि झटपट धुणं यावर आलेय. उरलेल्या दोन स्लाइड्स पाकीट फोडून कपाटात राहिल्या, जुलै महिना, खिडकीतून समुद्राचा वारा, पंधरा दिवसांत कडा काळपट. आमचे लॅब असिस्टंट काका बघून म्हणाले, "मॅडम, चांदी ती, काळी पडायचीच. दर गणपतीला निरांजन दंतमंजनानं घासतो आम्ही, ही घासू काय?" मी दोन्ही हात जोडले.

घरी बनवूनही बघितलं, म्हणजे लॅबमध्येच, सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज, बारावीची आरशाची टेस्ट आठवा तीच. चार-पाच पट मिळालं पण एका कोपऱ्यात वेगळं आणि दुसऱ्यात वेगळं. विकतच्या स्लाइडला जे पैसे पडतात ते या एकसारखेपणाचे, ते वाजवी वाटले. स्वतः करणार असाल तर उरलेलं द्रावण त्याच दिवशी ॲसिड घालून मारा, ठेवलं की स्फोटक होतं, बाटली कपाटात विसरू नका.

सोन्याच्या कणांची स्लाइड पण मिळते, ती मिठाला दाद देत नाही, पण फ्लुरोसिनसारख्या हिरव्या डायला तिचा फारसा उपयोग नाही, लाल डाय लागतो, आणि आमच्या जुन्या मायक्रोस्कोपला लाल फिल्टरच नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढची ऑर्डर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, आणि पाकीट एका वेळी एकच फोडणार.