ब्रिटन, जर्मनी की नेदरलँड्स? कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांसाठी वेतनाच्या अटींचा तुलनात्मक आढावा

पुण्यात किंवा मुंबईत ‘थर्ड पार्टी पेरोल’वर काम करणाऱ्या माणसाला ‘तुम्ही कुठे असता’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना दोन नावे घ्यावी लागतात: एक गळ्यातल्या ओळखपत्रावरचे आणि दुसरे सॅलरी स्लिपवरचे. आपल्याकडे या दोन नावांमधल्या अंतराने फारसे बिघडत नाही, पगार वेळेवर जमा झाला की झाले. परदेशी व्हिसाच्या अर्जात मात्र सगळे याच अंतरावर अडते. म्हणून युरोपात जाऊ पाहणाऱ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने किमान वेतनाचा आकडा पाठ करण्याआधी तो आकडा कोणाच्या स्लिपवर दिसावा लागतो आणि त्यात काय धरले जाते हे पाहावे, असे माझे मत आहे. ब्रिटन, जर्मनी आणि नेदरलँड्स यांची पुढील तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

अमेरिका येथे मुद्दाम घेतलेली नाही. क्लायंट, व्हेंडर आणि कन्सल्टन्सी ही साखळी आपल्या परिचयाची झाली ती तिथल्या एच-१बी व्हिसामुळे. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या बहुतेक एच-१बी कर्मचाऱ्यांमागे मालकाला १ लाख डॉलर भरावे लागतात, आणि एवढा खर्च करून कोणी सहा महिन्यांच्या कामासाठी माणूस नेईल, हे संभवत नाही.

आधी आकडे पाहू. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा कामाचा व्हिसा, डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला तेव्हा सर्वसाधारण अट वर्षाला २५,६०० पौंडांची होती. ३ एप्रिल २०२४ पर्यंत ती २६,२०० होती, दुसऱ्या दिवशी ३८,७०० झाली आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७००. म्हणजे सोळा महिने पुरे होण्याआधी सुमारे ५९ टक्के वाढ झाली. तरीही प्रोग्रॅमरसाठी हा आकडा फसवा आहे. सर्वसाधारण अट आणि त्या व्यवसायासाठी सरकारने ठरवलेला दर यांपैकी जो जास्त असेल तो लागू होतो, आणि सॉफ्टवेअर विकसकांचा दर ५० हजार पौंडांच्या वर आहे. हे दर पूर्वी त्या व्यवसायातील खालच्या २५ टक्क्यांच्या टोकावरून ठरत, एप्रिल २०२४ पासून ते मध्यावरून ठरतात. साहजिकच परदेशी माणसाला घ्यायचे तर त्याला त्या क्षेत्रातील मधल्या माणसाइतका पगार द्यावा लागतो. वय २६ पेक्षा कमी असलेल्यांना किंवा तिथेच शिकून नोकरीत शिरणाऱ्यांना ३३,४०० पौंड किंवा व्यवसायदराच्या ७० टक्के, यांतील जास्त रकमेची सवलत मिळते, पण ती जास्तीत जास्त चार वर्षांची.

जर्मनीत ईयू ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चकुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यासाठी, २०२६ ची अट वर्षाला ५०,७०० युरो आहे. ज्या व्यवसायांत माणसांचा तुटवडा आहे त्यांच्यासाठी, आणि पदवी घेऊन तीन वर्षे उलटली नसलेल्यांसाठी, ती ४५,९३४ युरो २० सेंट आहे. सेंटपर्यंतचा आकडा गमतीदार वाटतो, पण तो कोणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. निवृत्तिवेतन विम्याच्या वर्गणीची जी वार्षिक कमाल मर्यादा असते तिच्या ५० टक्के आणि ४५.३ टक्के असे हे सूत्र आहे. आयटी तुटवड्याच्या यादीत येते, आणि गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा अनुभव असल्यास आयटीवाल्याला पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकते.

नेदरलँड्समधील ‘उच्चकुशल स्थलांतरित’ परवान्याची अट महिन्यावर मोजतात. २०२६ साठी वय ३० किंवा अधिक असल्यास ५,९४२ युरो, त्याहून कमी असल्यास ४,३५७ युरो. यात ८ टक्क्यांचा सुट्टीभत्ता धरत नाहीत, तो वेगळा. वर्षाचा हिशेब केला तर तिशी ओलांडलेल्याला ७१,३०४ युरो मूळ पगार लागतो, म्हणजे जर्मनीतील तुटवड्याच्या अटीच्या दीडपटीहून अधिक. एकोणतिसाव्या वर्षी जो माणूस नेदरलँड्सला परवडतो तोच दोन वर्षांनी नव्याने घेतला तर महाग पडतो. वयाचा असा थेट फरक जर्मनीत नाही, आणि ब्रिटनमध्ये तो वर सांगितलेल्या २६ वर्षांखालील सवलतीपुरताच आहे.

आपल्याकडे पगार म्हणजे सीटीसी, आणि सीटीसीमध्ये मालकाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम आणि मिळेल न मिळेल असा बोनस, सगळे कोंबलेले असते. त्या सवयीने परदेशी ऑफर वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करसाठी केवळ हमीचा मूळ पगार धरला जातो. भत्ते, ओव्हरटाइम, बोनस काहीही नाही. जर्मनीत बोनस धरायचा तर तो करारात बिनशर्त ठरलेला असावा लागतो. नेदरलँड्समध्ये करारात लिहिलेले आणि दरमहा बँकेत जमा होणारे ठरावीक भत्ते धरता येतात. शिवाय पगार बाजारभावाशी सुसंगत आहे का, हेही तेथील परवाना विभाग तपासू शकतो, त्यामुळे व्हिसापुरता फुगवलेला पगार चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टवरची कामे भरपूर आहेत आणि त्यांचे दिवसाचे दर पाहून डोळे दिपतात, पण स्किल्ड वर्कर व्हिसावर ती जवळपास बंद आहेत. स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणारी कंपनी, हाच खरा मालक असावा लागतो आणि दुसऱ्या संस्थेच्या नेहमीच्या कामासाठी माणसे पुरवण्याकरिता स्पॉन्सरशिप वापरता येत नाही. उदाहरणादाखल ४५० पौंड रोजाचे काम घ्या. वर्षाला २२० दिवस धरले तर ते ९९,००० पौंड होतात, म्हणजे सर्वसाधारण अटीच्या दुपटीहून जास्त. तरीही त्या कामावर व्हिसा मिळत नाही, आणि ५५ हजारांच्या साध्या कायम नोकरीवर मिळू शकतो. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

बरे, तो ४५० चा दरही दिसतो तसा हातात पडत नाही. कंत्राटदार म्हणवून प्रत्यक्षात नोकरासारखे काम करणाऱ्यांवर नोकरदारासारखा कर लावणारे, ‘आयआर ३५’ नावाने ओळखले जाणारे करनियम एप्रिल २०२१ मध्ये खासगी क्षेत्रातील मध्यम आणि मोठ्या ग्राहकांना लागू झाले, तेव्हापासून बरीच कामे ‘अम्ब्रेला’ कंपनीमार्फत, म्हणजे माणसाला कागदोपत्री आपल्या नोकरीत दाखवून त्याचा पगार काढणाऱ्या कंपनीमार्फत, होतात. तिची आठवड्याची स्लिप वाचून पाहावी. वर २,२५० पौंड दिसतात. त्यातून कंपनीचे शुल्क जाते, समजा २० पौंड. मग मालकाच्या वाट्याचा १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि अर्ध्या टक्क्याचा प्रशिक्षण कर हेही त्याच रकमेतून वजा होतात. उरलेला सुमारे १,९४० पौंड हा एकूण पगार, त्यातच सुट्टीचे पैसे धरलेले, आणि तुमचा स्वतःचा आयकर आणि इन्शुरन्स तिथून पुढे कापायचा. भारतातील सीटीसीचीच ही आवृत्ती, फक्त पौंडांत.

जर्मनीत हा दरवाजा अर्धा उघडा आहे, आणि तो कोणत्या अटीवर तुम्ही आत गेलात यावर अवलंबून आहे. ५०,७०० च्या पूर्ण अटीवर मिळणाऱ्या ब्लू कार्डाला तेथील रोजगार विभागाची संमती लागत नाही. कमी अटीवरच्या कार्डाला लागते, आणि दुसऱ्या कंपनीकडे उसनवार पाठवण्यासाठी नेमणूक असेल तर कायद्याने ही संमती नाकारली जाते. थोडक्यात, माणसे पुरवणाऱ्या कंपनीने ४६ हजारांची ऑफर दिली तर ती स्वस्तातली वाट नसून बंद वाट आहे. पूर्ण अट गाठली तरी एकाच ग्राहकाकडे असे काम सामान्यतः १८ महिन्यांपर्यंतच चालते आणि नऊ महिन्यांनंतर तेथील कायम कर्मचाऱ्यांइतका पगार द्यावा लागतो. ठरावीक मुदतीची थेट नोकरी मात्र चालते. करार किमान सहा महिन्यांचा हवा, आणि कार्ड कराराच्या मुदतीपेक्षा तीन महिने अधिक दिले जाते.

जर्मनीत स्वतंत्र व्यावसायिकाचा वेगळा परवानाही आहे आणि त्याला वेतनाचा ठरावीक आकडा नाही. ग्राहकांची पत्रे, उपजीविकेची तजवीज आणि वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची सोय दाखवावी लागते. प्रोग्रॅमरचे काम या स्वतंत्र व्यवसायात बसते की साध्या व्यापारात, हे शेवटी कर कार्यालय ठरवते. एकाच ग्राहकाच्या हाताखाली, त्याच्याच वेळापत्रकाने राबणारा ‘स्वतंत्र’ माणूस तिथे खोटा स्वयंरोजगारी ठरतो, आणि मग ग्राहकाकडून विम्याची थकबाकी वसूल होते. त्यामुळे मोठ्या कंपन्या एकट्या फ्रीलान्सरला घ्यायला कचरतात.

नेदरलँड्समध्ये कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाची सर्वांत चांगली सोय आहे, हे आधी मलाही पटले नव्हते. मान्यताप्राप्त स्पॉन्सर असलेली पेरोल कंपनी किंवा माणसे पुरवणारी कंपनी उच्चकुशल स्थलांतरिताला स्वतःच्या नावे नेमून ग्राहकाकडे पाठवू शकते; अशा कंपन्यांना मान्यतेसाठी जास्तीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते एवढेच. म्हणजे ओळखपत्रावर एक नाव आणि स्लिपवर दुसरे, ही आपली ओळखीची रचना तिथे उघडपणे चालते. मुख्य नोकरीतील अट पाळून शेजारी स्वतःचा व्यवसायही करता येतो. पण करारात एक कलम शोधून वाचावे: ग्राहकाने काम थांबवले की करार आपोआप संपतो, असे लिहिले असेल तर बेंचवर, म्हणजे हाती काम नसताना, बसून पगार मिळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि नवा स्पॉन्सर शोधायला तीन महिने मिळतात. ‘आम्ही तुम्हाला फ्रीलान्सर म्हणून घेऊ’ अशी ऑफर आली तर तीही जपूनच घ्यावी, कारण १ जानेवारी २०२५ पासून तिथले कर खाते खोट्या स्वयंरोजगारावर पुन्हा कारवाई करू लागले आहे.

बाजाराची स्थिती तिन्ही ठिकाणी २०२२ इतकी चांगली नाही. ब्रिटनमध्ये २०२२ च्या मध्यास रिक्त जागा सुमारे १३ लाख होत्या, त्या २०२५ च्या उत्तरार्धात साडेसात लाखांच्या खाली आल्या. जर्मनीत ‘बिटकॉम’ या उद्योगसंघटनेच्या पाहणीनुसार आयटीतील रिकाम्या जागा २०२३ मध्ये १,४९,००० होत्या, २०२५ मध्ये १,०९,०००. त्यांतील पुष्कळ जागा जर्मन येणाऱ्यासाठीच आहेत, हे जाहिरात कोणत्या भाषेत लिहिली आहे यावरूनच कळते. पुण्यातील माणसाने येथे रडगाणे गाऊ नये. जर्मन शिकवणारी मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेन आणि ॲमस्टरडॅमच्या परिसरात इंग्रजीवर भागते.

कामात खंड पडण्याची सवय असलेल्याने नोकरी गेल्यावर काय होते हेही तोलावे. ब्रिटनमध्ये साधारण ६० दिवस मिळतात, उरलेल्या दोन देशांत साधारण तीन महिने. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा, बायको आणि एक मूल यांच्या तीन वर्षांच्या व्हिसाला हाच खर्च ८,५३८ पौंड होतो, आणि तो पहिला पगार हाती येण्याच्या आधीचा. जर्मनीत विम्याची वर्गणी पगारातून महिन्याला कापली जाते, व्हिसाचे शुल्क ७५ युरो. कायम वास्तव्याचा परवाना जर्मनीत ब्लू कार्डावर २७ महिन्यांत मिळतो, बी१ (मध्यम) पातळीचे जर्मन असेल तर २१ महिन्यांत. नेदरलँड्समध्ये पाच वर्षे लागतात. ब्रिटनमध्येही पाच वर्षे होती, पण मे २०२५ च्या धोरणपत्रात सरकारने ती दहावर नेण्याचा मनोदय जाहीर केला. वेतनाची अट तिन्हीकडे सरकते, पण २०२४ ते २०२६ मध्ये जर्मनीची सुमारे १२ टक्के आणि नेदरलँड्सची साडेअकरा टक्के वाढली, तीही नेमाने. ब्रिटनमधील वाढीचा अंदाज बांधता येत नाही, आणि मुदतवाढीच्या वेळी त्या दिवशीची अट पाहिली जाते.

माझा कल असा आहे: तिशीच्या आत असाल आणि कॉन्ट्रॅक्टच हवे असेल तर नेदरलँड्स, तिशी ओलांडली असेल आणि थेट नोकरी घ्यायची तयारी असेल तर जर्मनी, मात्र शक्यतो पूर्ण अटीवर. ब्रिटन मी एकाच परिस्थितीत सुचवीन. जोडप्यापैकी एकाला तिथे पदवीस्तरावरची कायम नोकरी मिळत असेल तर दुसऱ्याचा आश्रित व्हिसा जवळजवळ कोणत्याही कामाला चालतो, स्वयंरोजगारालाही, आणि वेतनाची कोणतीही अट त्याला लागत नाही. जोडीदाराला असे मोकळे काम जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही करता येते, पण दिवसाच्या दरावरची कामे इंग्रजीत आणि इतक्या संख्येने लंडनमध्येच मिळतात. तेव्हा घरात दोघे कमावते असतील तर व्हिसा कोणाच्या नावाने काढायचा हे दोघांच्या पगारांची तुलना करून ठरवू नये. ज्याला स्थिर नोकरीची ऑफर आहे त्याच्या नावाने काढावा, मग त्याचा पगार कमी का असेना.