टोमॅटोच्या हंगामातली पिकअप : पाच वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

नारायणगाव परिसरातून वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो पोहोचवण्यासाठी आम्ही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दीड टन वर्गातली एक पिकअप घेतली आणि आज तिचा काटा १ लाख ६८ हजार किलोमीटरच्या पुढे गेला आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ते लिहिले की चर्चा गाडी सोडून कंपन्यांच्या चाहत्यांच्या भांडणाकडे वळते. शिवाय मला आलेले बरेचसे अनुभव या वर्गातल्या कोणत्याही नव्या गाडीला लागू पडतील, असे वजनकाट्यावर रांगेत थांबलेल्या इतर मालकांशी बोलताना वारंवार जाणवले आहे.

पिकअप म्हटले की शहरातल्या काही वाचकांच्या डोळ्यांसमोर टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स येईल. आमच्याकडे पिकअप म्हणजे मागे लोखंडी हौदा, त्यावर ताडपत्री आणि पुढे दोन-तीन माणसांची केबिन. जुनी माणसे तिला अजूनही सरसकट ‘टेम्पो’च म्हणतात. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने हा जर्मन शब्द मराठीत आणला आणि तो इतका रुजला की ती कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली तरी शब्द मागे राहिला. त्याच वर्षी टाटांची एस बाजारात आली आणि तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव मिळाले. हा अभिप्राय मात्र त्या हत्तीपेक्षा एक पायरी वरच्या, म्हणजे सव्वा ते दोन टन माल नेणाऱ्या गाड्यांपुरता आहे.

प्रथम इंजिनाविषयी, कारण मालकांच्या गप्पा तेथूनच सुरू होतात. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये अडीच लिटरचे चार सिलिंडरचे, साधारण ७५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. टाटांच्या योद्धामध्ये २.२ लिटरचे आणि १०० अश्वशक्तीचे. अशोक लेलँडच्या दोस्तमध्ये दीड लिटरचे तीन सिलिंडरचे. हे आकडे ऐकल्यावर योद्धाचा मालक छाती पुढे काढतो, तर बोलेरोचा मालक इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या ओढीचा दाखला देतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. जुन्नर-मंचरच्या चढउतारावर, ओल्या शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर किती जोर देते हेच कामाला येते, आणि पुणे-नाशिक महामार्गावर मोकळा रस्ता मिळाला की जास्त अश्वशक्तीचा फरक जाणवतो.

परंतु आमच्या वाटेची एक गंमत आहे आणि ती गाडी विकणाऱ्याला सांगितली तर तो बुचकळ्यात पडतो. आळेफाटा, ओतूर, मढ, माळशेज, टोकावडे, मुरबाड, कल्याण अशी ही वाट आहे. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामे क्रेट घेतलेली गाडी घाट चढते. म्हणजे चढावर इंजिन किती ओढते, या जाहिरातीतल्या मुख्य मुद्द्याचा आम्हाला जवळजवळ उपयोगच होत नाही; उतारावर इंजिन गाडीला किती धरून ठेवते, हे मात्र दर रात्री कळते. माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये माळशेज उतरताना ब्रेकला थोडाच त्रास देते आणि या एका गुणासाठी मी तिचे इतर दोष माफ केले आहेत.

याच संदर्भात एक जुनी सवय मोडायला हवी. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करणारे, क्वचित इंजिनच बंद करणारे चालक आजही दिसतात. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे दोन-तीनदा पाय दाबल्यावर पॅडल दगडासारखे घट्ट होते. हे बहुतेकांना ठाऊक असूनही ते धोका पत्करतात. जे ठाऊक नसते ते असे, की कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून डिझेल फवारणारे, इंजिन गिअरमध्ये असताना आणि रेसवरचा पाय काढलेला असताना इंजेक्टर डिझेल सोडणे थांबवतात, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते सोडत राहतात. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्तच जाळले जाते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक लागू झाल्यानंतरच्या इंजिनांविषयी मालकांमध्ये सरळ दोन तट आहेत. जुन्या गाड्यांचे मालक म्हणतात की बारा-तेराचा पाना आणि एक हातोडी असली की त्यांची गाडी रस्त्यावर उभी राहत नसे. यात अतिशयोक्ती आहे, कारण त्या गाड्याही थांबत. फरक एवढाच की त्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येत. नव्या इंजिनाचा आवाज कमी आहे, थंडीत ते पहिल्या सेल्फला उठते आणि माझ्या नोंदवहीप्रमाणे जाऊन-येऊन लिटरला तेराच्या आसपास अ‍ॅव्हरेज देते. या तिन्ही बाबतींत माझ्या २००९ च्या जुन्या गाडीला ते सहज मागे टाकते.

अडचण धुराच्या नळीत आहे. काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, पुरेशी तापली तरच आतली काजळी जळते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, एका वेगात चालावी लागते. हंगामात माझी गाडी दिवसभर शेत ते बाजार अशा सहा-सात किलोमीटरच्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या फेऱ्या करत असे आणि पहिल्याच वर्षी त्या जाळीचा दिवा लागला. आता मी दिवसभरच्या फेऱ्या जुन्या गाडीकडे देतो आणि नवी गाडी वाशीच्या लांब पल्ल्याला ठेवतो. तेव्हापासून तो दिवा लागलेला नाही. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि कामही गावापुरतेच आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ती महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका चालीत चालवावी. तेलही बीएस-६ साठीचे, कमी राख होणारेच वापरावे. नेहमीच्या दुकानातले स्वस्त तेल या जाळीला मानवत नाही.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढण्याचे काम चालकावर सोडू नये. शेतावर कॅनमध्ये साठवलेले डिझेल गाडीत ओतण्याची आपल्याकडची पद्धत जुन्या पंपाने निभावून नेली. हजार बारपेक्षा जास्त दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर तेवढे सोशिक नाहीत.

या गाडीने मला एकदाच खऱ्या अर्थाने अडचणीत आणले. २०२३ च्या जुलैमध्ये, टोमॅटोला कधी नव्हे तो भाव असताना, रात्री एकच्या सुमारास मढच्या पुढे इंजिनाचा दिवा लागला आणि गाडीने ताकद सोडली. ती वीसच्या वेगाने रांगत होती, पण घाट उतरवण्याचे धाडस मला झाले नाही. विक्रेत्याच्या मदत क्रमांकावरून सकाळी माणूस येईल असे उत्तर मिळाले. शेवटी ओतूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला झोपेतून उठवले. तो मोटरसायकलवर स्कॅनर घेऊन आला आणि अर्ध्या तासात त्याने दोष शोधला : घरी गाडी उभी असताना उंदरांनी एका सेन्सरची वायर कुरतडली होती. त्याने ती जोडून, वर टेप गुंडाळून गाडी चालू करून दिली. पहाटे चारला पोहोचणारा माल आठनंतर पोहोचला. तोवर चांगले गिऱ्हाईक पांगले होते आणि आडत्याने क्रेटमागे दर खाली घेतला. नंतर अधिकृत सेवा केंद्रात वायरिंगचा तो तुकडा बदलण्यासाठी गाडी चार दिवस उभी राहिली, कारण भाग बाहेरून मागवावा लागला.

त्या रात्रीपासून गाडीचा भरवसा मी वेगळ्या मापाने मोजतो. दोष किती वेळा आला हे मी लिहितोच, पण त्याच्या शेजारी गाडी किती तास उभी राहिली हेही लिहितो. पाच वर्षांत देखभालीव्यतिरिक्त ती एकूण अकरा दिवस उभी राहिली आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस सुट्या भागाची वाट पाहण्यात गेले. दुरुस्तीचे प्रत्यक्ष काम एका दिवसापेक्षा जास्त कधीच चालले नाही. फर्निचर किंवा सिमेंट वाहणाऱ्याला चार दिवस कदाचित सोसतील, टोमॅटो वाहणाऱ्याला चार तासही सोसत नाहीत. आमच्या पट्ट्यात बोलेरो पिकअप एवढ्या संख्येने का दिसते याचे उत्तर मला येथे सापडते : तिचे भाग आळेफाट्यापासून कल्याणपर्यंत जागोजागी मिळतात आणि तिला ओळखणारा हातही जागोजागी आहे.

आता टायर. इंजिनावर तासभर बोलणारे मालक टायरवर दोन वाक्यांत आटपतात, आणि माझ्या मते रस्त्यावर गाडी थांबण्याची निम्मी कारणे तेथे असतात. गाडीसोबत आलेले रिब नक्षीचे रेडियल टायर डांबरी रस्त्यावर उत्तम होते. शेतवाटेच्या चिखलात मात्र मागचे चाक नुसते फिरत राहायचे. मागची पहिली जोडी ३४ हजार किलोमीटरवर संपली. त्यानंतर मी मागे खोल खाचांचे लग नक्षीचे टायर घेतले आणि पुढे रिबच ठेवले. पुढच्या दोन जोड्या अनुक्रमे ४६ आणि ४८ हजारांपर्यंत गेल्या. लगचा आवाज महामार्गावर कानाला लागतो आणि अ‍ॅव्हरेज किंचित घटते, पण पावसाळ्यात ट्रॅक्टर बोलावण्याचे पैसे वाचतात.

नायलॉन की रेडियल हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. नायलॉनची भिंत जाड असते, बांधावरचे दगड ती सोसते आणि ती स्वस्तही पडते. रेडियल मात्र कमी तापतो. मे महिन्याच्या दुपारी मुरबाड-कल्याण रस्त्यावर भरलेली गाडी चालवणाऱ्याने तापण्याचाच विचार करावा. टायर तापण्याचे पहिले कारण कमी हवा हेच असते. माझ्या गाडीला भरलेली असताना मागे ६५ पीएसआय हवा लागते. रिकामी परतताना ती तेवढीच ठेवली तर गाडी उड्या मारते, म्हणून अनेक चालक आधीपासूनच दहाने कमी भरतात आणि मग भर उन्हात टायर फुटला की कंपनीला शिव्या देतात.

रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेल्या, टायरविषयी माझे मत कडक आहे. मोठ्या ट्रकला मागे जोडीची चाके असतात, त्यामुळे एक रिमोल्ड सोलला तरी शेजारचा टायर गाडी सावरतो. या वर्गातल्या बहुतेक पिकअपला मागे एकेकच चाक आहे. घाटात ते गेले तर सावरायला काही नसते. नवा टायर घेतानाही भिंतीवरचा चार अंकी शिक्का वाचावा; ‘२३२४’ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दोन वर्षे दुकानात पडून असलेला टायर सवलतीच्या नावाखाली मलाही एकदा दाखवण्यात आला होता.

मात्र टायर, क्लच, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि बेअरिंग या सर्वांचे आयुष्य ज्या एका गोष्टीने ठरते, तिच्याविषयी मालक खरे बोलत नाहीत. क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो बसतो, रिकाम्या क्रेटचे वजन दोन किलोच्या आत-बाहेर धरले तर ७५ क्रेटचे साडेसोळाशे किलो होतात. बाजारात ११० क्रेट लादलेली पिकअप रोज दिसते, म्हणजे २,४०० किलोच्या वर. त्यासाठी मागे जादा पाटे चढवून घेतले जातात. मग क्लच प्लेट साठ हजारांवर जळली की इंजिन कमजोर ठरते! जादा पाट्यांचा आणखी एक तोटा माझ्या लक्षात उशिरा आला : कमी माल असला की ताठ झालेली गाडी इतकी आदळते की वरच्या थरातला पिकलेला माल फुटतो. मी पहिल्या वर्षी चढवलेले दोन्ही पाटे काढून टाकले. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे लागतात, हा हिशेब भाड्याच्या नफ्यात कोणी धरत नाही. माझ्या गाडीची मूळ क्लच प्लेट १ लाख ३१ हजारांवर बदलली.

किरकोळ तक्रारी आहेतच. केबिन उन्हाळ्यात भट्टी होते, हौद्याचा मागचा फाळका दोन वर्षांत खुळखुळू लागला आणि चेसिसखालची स्टेपनी चोरीला जाऊ नये म्हणून साखळी-कुलूप स्वतःलाच लावावे लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी पासिंग होते. दोन्ही वेळा गाडी पहिल्या खेपेलाच उत्तीर्ण झाली.

पुढच्या हंगामाआधी जुनी गाडी काढून दुसरी नवी पिकअप घेण्याचा विचार चालू आहे. या वेळी शोरूममध्ये जाण्याआधी मी ओतूरच्या त्याच मिस्त्रीकडे गेलो आणि त्याचा स्कॅनर कोणकोणत्या गाड्या वाचतो ते विचारून घेतले. त्याने तीन नावे सांगितली. माझी यादी सध्या तेवढीच आहे.