पाच स्पीकर आणि एआरसीचा जाच : ५.१ रिसिव्हरचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या ५.१ रिसिव्हरविषयी, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि खर्जासाठीचा एक सबवूफर यांतून ऐकवणाऱ्या यंत्राविषयी, लिहायचे बरेच दिवस राहून जात होते. अलीकडे टीव्हीचे सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत झाले, दुसऱ्या दिवसापासून रिसिव्हरकडे आवाज जाईनासा झाला आणि दोन कंपन्यांची सेवा केंद्रे एकमेकांकडे बोट दाखवू लागली, तेव्हा लिहिण्याला निमित्त मिळाले. कंपन्यांची नावे देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक यंत्रांची गत थोड्याफार फरकाने सारखीच असते.

निवड करताना मी वॅटच्या आकड्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले आणि त्याचा आजही पश्चात्ताप नाही. खोक्यावर १४५ वॅट लिहिलेले असते, ते ६ ओहम विद्युतरोधाचा एकच स्पीकर जोडून, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि आवाजातली १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेले असते. त्याच यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ८ ओहमला, दोन स्पीकर चालू असताना आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात ७० वॅट असा खरा आकडा सापडतो. पाचही स्पीकर एकदम चालले की तो आणखी उतरतो. मात्र शक्ती दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, त्यामुळे ७० ऐवजी १०० वॅटचे मॉडेल घेण्यासाठी जे जादा पैसे मागतात, त्यांतून हाती जेमतेम दीड डेसिबल पडतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांनी बेल वाजवायला तेवढा पुरतो. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून स्वस्तात यंत्र मागवण्याचा विचारही सोडून दिला. तिथले यंत्र १२० व्होल्टचे, त्यामुळे वजनदार ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागला असता आणि वॉरंटी मिळाली नसती ती निराळीच.

स्पीकरच्या वायरीवर खर्च करायची गरज नाही. ‘स्पीकर वायर’ म्हणून जी विकतात, तिच्याऐवजी पुण्यात विजेचे सामान मिळते त्या तपकीर गल्लीतून दीड चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर आणली. ती १६ गेजपेक्षा थोडी जाडच भरते. समोरच्या दोन स्पीकरांना स्क्रूचे टर्मिनल आहेत, पण मधल्या आणि मागच्या स्पीकरांना कंपनीने दाबायच्या क्लिपा दिल्या आहेत, त्यात बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायची खुंटी) बसत नाही. रिसिव्हरसोबतच्या मायक्रोफोनने स्पीकरांची पातळी आणि अंतर यांची मोजणी करताना पंखा आणि फ्रिज बंद ठेवावेत व मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. यंत्राने समोरचे स्पीकर ‘लार्ज’ (खर्जही स्वतः वाजवणारे) ठरवले, ते मी ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचे खर्जाचे सर्व काम सबवूफरकडे सोपवले. सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवते; ते मात्र बदलू नये, कारण त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा विलंबच यंत्र अंतराच्या रूपात मांडते. मधल्या स्पीकरची पातळी दोन डेसिबलने वाढवली आणि तेव्हापासून आईला संवाद न अडखळता ऐकू येतात. एवढ्यासाठीसुद्धा खरेदी वसूल झाली, असे मी म्हणेन.

आता एआरसीविषयी. टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून उलट दिशेने रिसिव्हरकडे नेण्याची ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली. कागदावर ती उत्तम आहे. अडचण अशी की बहुतेक टीव्हींवर ती चालू करायची, तर सीईसीही (जोडलेल्या यंत्रांनी एचडीएमआयमधून एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) चालू ठेवावे लागते, ज्याला सोनी ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस आणि एलजी सिंपलिंक. सीईसी चालू असले की टीव्ही लावताक्षणी रिसिव्हरही जागा होतो. आमच्याकडे सकाळी बातम्या आणि दुपारी मालिका चालतात, त्या ऐकायला टीव्हीचे स्वतःचे स्पीकर पुरेसे आहेत, पण त्या सगळ्या वेळात रिसिव्हर सुमारे ४० वॅट खात बसतो. दिवसाला सहा तास धरले तर महिन्याला सात युनिटांहून थोडे अधिक होते. रक्कम शंभर रुपयांच्या आतली आहे हे मला मान्य आहे, तरीही कोणी ऐकत नसलेल्या पाच स्पीकरांसाठी वीज का भरावी, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. त्यातून, रात्री झोपताना भिंतीवरची बटणे बंद करण्याची आमच्या घरची पद्धत या सोयीला मानवत नाही. सकाळी दोन्ही यंत्रे एकदम सुरू झाली की त्यांची ओळख पटत नाही आणि आवाज कुठूनच येत नाही. आधी टीव्ही आणि मिनिटभराने रिसिव्हर असा क्रम पाळला तर जमते, पण तो घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. हे यंत्र विकून साउंडबार आणावा, या मताला मी जवळजवळ आलो होतो. परंतु तोही एआरसीवरच चालणार होता.

सॉफ्टवेअर बदलल्यानंतर एआरसी पूर्णच बंद पडले. रिसिव्हरचा तंत्रज्ञ आला, त्याने दोष टीव्हीचा असल्याचे सांगितले आणि वॉरंटी चालू असूनही भेटीचे पैसे घेतले. टीव्हीवाल्यांनी फोनवरून फॅक्टरी रीसेट करायला लावला. त्याने फक्त सर्व अॅपचे पासवर्ड पुन्हा टाकण्याचे काम वाढवले.

शेवटी साधी ऑप्टिकल केबल, म्हणजे आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल, आणून जोडली आणि माझे मत बदलले. तिला सीईसी लागत नाही, त्यामुळे बातम्यांच्या वेळी रिसिव्हर झोपूनच राहतो. स्ट्रीमिंग अॅप अनेक स्पीकरांचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या स्वरूपात पाठवतात, ते या केबलमधून जात नाही, परंतु माझा टीव्ही त्याचे साध्या डॉल्बी डिजिटल ५.१ मध्ये रूपांतर करून देतो. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ६४० किलोबिट आहे आणि पाच स्पीकरांच्या मांडणीत मला फरक कळला नाही. अॅटमॉस, म्हणजे डॉल्बीचा वरूनही आवाज आल्याचा भास देणारा प्रकार, जात नाही, पण ५.१ च्या यंत्राला त्याचा उपयोग नव्हताच. ब्लू-रे प्लेयर थेट रिसिव्हरलाच जोडलेला असल्याने त्याचा मूळ ध्वनी अबाधित आहे. काही टीव्ही सेट टॉप बॉक्सचा पाचपदरी आवाज ऑप्टिकलमधून फक्त स्टीरिओ करूनच सोडतात, तेवढे खरेदीपूर्वी तपासावे. तोटा एकच : टीव्हीच्या रिमोटने रिसिव्हरचा आवाज कमीजास्त होत नाही, म्हणून चित्रपटाच्या वेळी दुसरा रिमोट हातात घ्यावा लागतो आणि टीव्हीचे स्पीकर मूक करावे लागतात, नाहीतर दोन्हीकडून थोड्या अंतराने आवाज येऊन प्रतिध्वनी ऐकू येतो.

तेव्हा २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ सोबत आलेल्या ईएआरसीसाठी, म्हणजे एआरसीच्या सुधारित आवृत्तीसाठी, या श्रेणीत जादा पैसे मोजू नयेत, असे माझे आजचे मत आहे. मागे ऑप्टिकलचे छिद्र आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. केबल काटकोनात वाकवू नये आणि टोकांवरची प्लास्टिकची टोपणे जोडण्यापूर्वी काढावीत. किमतीचे म्हणाल, तर सर्वांत स्वस्त चालते. दुकानदार चौपट किमतीची, सोन्याचा मुलामा दिलेली केबल पुढे करत होता. आतून प्रकाश जातो, मग त्याला सोन्याचा काय उपयोग, असे विचारल्यावर त्याने ती निमूटपणे परत फळीवर ठेवली.