चार टीबीची हार्ड डिस्क आणि न सापडणारी जागा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाईतील एका जुन्या ग्रंथालयाची बांधीव मासिके आणि एका वाड्यातील मोडी कागद स्कॅन करून ठेवण्याचे काम मी गेल्या वर्षी हाती घेतले आणि त्यासाठी चार टीबी क्षमतेची, खिशात मावणारी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क विकत घेतली. आज तिला नऊ महिने झाले. या काळात तिच्यातील जागा माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा कमी झाली आणि चारही वेळा कारण वेगळे निघाले. वेगाबद्दल व दिसण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी या एकाच विषयावर सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणत्याही कंपनीच्या डिस्कबाबत घडू शकते.

पहिल्या दिवशी डिस्क संगणकाला जोडली तेव्हा खोक्यावर चार टीबी आणि पडद्यावर ३.६३ टीबी असे दृश्य होते. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, थोडी जागा विंडोज खातेच, सगळ्यांचे तसेच असते." हे उत्तर इतक्या ठिकाणी ऐकायला मिळते की लोकांना ते खरे वाटू लागले आहे, पण ते खरे नाही. फॉरमॅट केल्याने जागा जाते ती अगदी किरकोळ असते. मुळात फरक मोजण्याच्या मापाचा आहे. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही त्याला 'टीबी' असेच लिहिते. माझ्या डिस्कवर ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट आहेत, म्हणजे छापलेल्या चार लाख कोटींपेक्षा किंचित जास्तच. याला तीन वेळा १०२४ ने भागले की ३,७२६ जीबी येतात आणि चौथ्यांदा भागले की ३.६३८ टीबी. विंडोज पुढचे अंक सरळ कापून टाकते, म्हणून ३.६४ ऐवजी ३.६३ दिसतात. हीच डिस्क मॅकला लावली की बरोबर चार टीबी दिसते, कारण ॲपलने २००९ च्या 'स्नो लेपर्ड' या मॅक प्रणालीपासून दशमान मोजणी स्वीकारली. १०२४ च्या मापांना 'गिबिबाइट', 'टेबिबाइट' अशी वेगळी नावे १९९८ पासून आहेत, पण ती बोलताना कोणाच्या तोंडी येत नाहीत आणि विंडोजनेही ती पडद्यावर आणलेली नाहीत. हा घोळ अमेरिकेत न्यायालयापर्यंतही गेला होता आणि २००७ मध्ये सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने तडजोडीत ग्राहकांना किमतीच्या पाच टक्के परतावा देऊ केला होता. जीबीत मोजताना सुमारे सात टक्क्यांची असणारी ही तफावत टीबीला नऊ टक्के होते, त्यामुळे डिस्क जितकी मोठी तितका ग्राहक अधिक अस्वस्थ होतो. खोक्यावर बारीक अक्षरांत खुलासा असतो, पण 'विंडोजवर ३.६३ दिसतील' एवढे सरळ वाक्य छापायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेले नाही.

हा पहिला प्रकार म्हणजे दोष नव्हताच. दुसरा मात्र आम्ही स्वतः ओढवून घेतला.

चौथ्या दिवशी माझा भाचा सुट्टीसाठी आला. तो व्हिडिओ संकलनाचे काम करतो, त्यामुळे घरातील संगणकाविषयीचे सर्व निर्णय आपोआप त्याच्याकडे जातात. डिस्कवर कंपनीने भरून पाठवलेली सॉफ्टवेअरे त्याला नको होती, म्हणून त्याने ती पूर्ण कोरी केली आणि नव्याने तयार केली. संध्याकाळी पाहतो तर क्षमता १.९९ टीबी! "मामा, डिस्क खराब दिसते, बदलून घ्या," असे त्याने जाहीर केले. सुदैवाने मी दुकानात जाण्यापूर्वी विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' हे साधन उघडून पाहिले. तेथे डिस्कच्या पट्टीचे दोन तुकडे दिसत होते : निळ्या कडेचा २०४८ जीबीचा आणि काळ्या कडेचा १६७८.०२ जीबीचा, ज्यावर 'अनॲलोकेटेड' (न वाटलेला) असे लिहिलेले होते. दोहोंची बेरीज केली तर बरोबर ३७२६.०२ येते. म्हणजे जागा कोठेही गेलेली नव्हती, ती फक्त वापराच्या कक्षेबाहेर राहिली होती.

कारण असे की, कोरी डिस्क पहिल्यांदा तयार करताना जागेची नोंद ठेवण्याची पद्धत 'एमबीआर' हवी की 'जीपीटी' असे विंडोज विचारते आणि भाच्याने यादीतील पहिला पर्याय निवडला होता. एमबीआर ही जुनी पद्धत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरील जागेच्या सर्वांत लहान कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहिते. त्यात ४२९ कोटींहून थोडे अधिक क्रमांक मावतात आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरला की २०४८ जीबीपाशी आकडे संपतात. त्यापुढची जागा डिस्कवर असते, पण तिला पत्ताच नसतो. उरलेल्या तुकड्यावर उजवे बटण दाबले तरी नवे पार्टिशन (स्वतंत्र विभाग) करण्याचा पर्याय फिकट दिसतो, त्यावरूनही हे ओळखता येते. उपाय म्हणजे 'डिस्कपार्ट' या आज्ञावलीत शिरून 'लिस्ट डिस्क' करणे, आपली डिस्क निवडणे, 'क्लीन' आणि मग 'कन्व्हर्ट जीपीटी' करणे. यादीत शेवटच्या स्तंभात जीपीटी डिस्कपुढे एक छोटी चांदणी दिसते, ती उमटली की काम झाले. येथे एक इशारा अवश्य देतो. 'क्लीन' ही आज्ञा 'नक्की का?' असे विचारत नाही. डिस्कचा क्रमांक चुकला तर संगणकातील दुसरीच डिस्क कोरी होते, म्हणून मी इतर सर्व बाह्य डिस्क काढून ठेवल्या आणि क्रमांकापुढील क्षमता दोनदा वाचून पाहिली. आमच्या डिस्कवर तेव्हा काहीच नव्हते, म्हणून हे निर्धास्तपणे करता आले.

याच मर्यादेचे एक भावंड जुन्या डॉकमध्ये, म्हणजे उघडी डिस्क खोचून संगणकाला जोडण्याच्या साधनात, आढळते. माझ्याकडे टेबलावर ठेवण्याची तीन टीबीची एक उघडी डिस्क आहे, ती एका जुन्या यूएसबी डॉकमध्ये लावली की ७४६ जीबीची होते. डॉकमधील चिप मोठे क्रमांक वाचू शकत नाही आणि २०४८ ओलांडल्यावर पुन्हा शून्यापासून मोजू लागते, मोटारीचा जुना मीटर ९९,९९९ नंतर जसा शून्यावर येतो तसा. नव्या डॉकमध्ये तीच डिस्क पूर्ण दिसते. अशा डॉकमध्ये कोणतीही मोठी डिस्क फॉरमॅट करू नये.

तिसरी घटना तिसऱ्या महिन्यातली. माझे मेहुणे पुस्तकाची मांडणी मॅकवर करतात. डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता यावी म्हणून भाच्याने ती 'एक्सफॅट' या फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट केली होती. मेहुण्यांनी आठवडाभर ती वापरली, नको असलेली स्कॅने पुसली आणि परत दिली. फायली कमी झाल्या होत्या, पण मोकळी जागा मात्र वाढलेली नव्हती. सगळे फोल्डर निवडून बेरीज केली तर ९६ जीबी जुळेनात. शेवटी लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू केला आणि मुळाशीच एक 'डॉट ट्रॅशेस' नावाचे फोल्डर दिसले. त्यात '५०१' या नावाचे दुसरे फोल्डर आणि त्यात पुसलेली सगळी पाने शाबूत! मॅकवर बाह्य डिस्कवरील फाइल पुसली की ती त्याच डिस्कवरील कचरापेटीत जाते आणि ती पेटी मॅकवर रिकामी करेपर्यंत जागा अडवून बसते. ५०१ हा मॅकवरील पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक असतो. मेहुण्यांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, मी तर डिस्क काढून घेतल्यावर ट्रॅश रिकामा केला." डिस्क जोडलेली नसताना रिकामी होते ती फक्त मॅकची पेटी, डिस्कवरची नव्हे. एवढ्या एका क्रमाने ९६ जीबी अडकून पडले होते.

चौथी तफावत सर्वांत मोठी होती आणि ती शोधायला मला तीन रात्री लागल्या. सहाव्या महिन्यात स्कॅन केलेल्या पानांची संख्या ९० हजारांवर गेली होती. प्रत्येक पानामागे चार फायली असतात : सुमारे १२ एमबीची मूळ प्रतिमा, पाहणीसाठी २५ केबीची छोटी प्रतिमा, पानाची नोंद असलेली एक-दीड केबीची मजकूर फाइल आणि संपादनाच्या माहितीची सहा केबीची आणखी एक. सर्व फायलींच्या आकाराची बेरीज १.०३ टीबी येत होती, पण डिस्क १.३३ टीबी वापरल्याचे सांगत होती. कचरापेटी रिकामी होती, लपलेले काही नव्हते, विंडोजच्या 'चेकडिस्क' या तपासणीने चूक दाखवली नाही आणि डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त खराब सेक्टरचा आकडा शून्य होता. तरीही ३०० जीबी बेपत्ता.

उलगडा एका क्षुल्लक फाइलने केला. ४१७ व्या पानाच्या नोंदीवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले, तर तेथे 'साइज' १.२१ केबी आणि त्याखालच्या ओळीत 'साइज ऑन डिस्क' १.०० एमबी! सव्वा केबीच्या मजकुरासाठी पूर्ण एक एमबी. फॉरमॅट करताना 'ॲलोकेशन युनिट साइज' नावाचा एक रकाना असतो. मोठे व्हिडिओ हाताळण्याच्या सवयीने भाच्याने तेथे १०२४ केबी निवडले होते. याचा अर्थ डिस्क जागा देताना एक-एक एमबीचे डबेच देते. डब्यात चिमूटभर साखर ठेवली तरी दुसऱ्या कोणाला तो डबा मिळत नाही. व्हिडिओच्या दहा-दहा जीबीच्या फायलींना याने काडीचाही फरक पडत नाही, त्यामुळे त्याचे त्याच्या कामापुरते बरोबरच होते. माझ्याकडे मात्र दोन लाख सत्तर हजार छोट्या फायली होत्या आणि त्यांनी पावणेतीन जीबी मजकुरासाठी सुमारे २६४ जीबी अडवले होते. मोठ्या प्रतिमांच्या शेवटच्या अर्धवट डब्यांत आणखी ४० जीबींहून अधिक गेले. यातच मॅकने एक्सफॅटवर काही फायलींमागे सोडलेल्या, 'डॉट अंडरस्कोर'ने सुरू होणाऱ्या चार-चार केबीच्या फायलीही होत्या, त्यांनाही एकेक डबा.

डिस्क पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून याला सोपा मार्ग नव्हता. आधी सारा ऐवज दुसऱ्या डिस्कवर उतरवला. मोठ्या प्रतिमा झरझर गेल्या, पण छोट्या फायलींना रात्र पुरली नाही. असे काम असेल तर छोट्या फायलींचे आधी गठ्ठे बांधून घ्यावेत, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. नंतर १२८ केबीच्या डब्यांचा एक्सफॅट की विंडोजची स्वतःची पद्धत असलेला, चार केबीच्या डब्यांचा एनटीएफएस, असा प्रश्न होता. एक्सफॅटला विंडोज एवढ्या मोठ्या डिस्कवर स्वतःहून १२८ केबी देते आणि त्यातही माझ्या छोट्या फायलींनी ३३ जीबी घेतले असते. एनटीएफएसमध्ये तेच काम साडेतीन जीबींत होते. अडचण एकच, मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. विचार केल्यावर मला ती अडचण न वाटता सोय वाटली. मेहुण्यांना पाने पाहता येतात, उतरवून घेता येतात, पुसता मात्र येत नाहीत.

एक गोष्ट ओघाने. हा शोध चालू असताना एका ओळखीच्या गृहस्थांनी काही शे रुपयांत '१६ टीबी'ची डिस्क मागवली आणि ती खरोखर १६ टीबी दाखवत होती. तो याच्या उलट प्रकार आहे : आतील चिप खोटा आकडा सांगते आणि खरी जागा संपली की नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे विनामूल्य साधन पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगते. त्यांच्या डिस्कची खरी क्षमता ६० जीबीच्या आत निघाली.

डिस्कविषयी तक्रार करायचीच तर केबलच्या सैल टोकाची करता येईल. मेज हलले की जोडणी तुटते, आणि अशाच एका वेळी लिहिणे अर्धवट राहून 'चेकडिस्क'ने नंतर 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये अनाथ तुकडे गोळा करून ठेवले होते. जागेच्या बाबतीत मात्र तिच्याकडून एकदाही चूक झाली नाही. डिस्कच्या पाठीवर मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'जीपीटी, एनटीएफएस, ४ केबी, एकूण ३.६३'. आज सकाळी पाहिले तेव्हा एक लाख वीस हजार पानांसह १.३७ टीबी वापरलेली आणि २.२६ टीबी मोकळी होती. भाचा दिवाळीत पुन्हा येणार आहे, त्याला ती चिठ्ठी वाचून दाखवणार आहे.