खाडीवरच्या पक्ष्यांसाठी कोणती लेन्स? ऐरोली आणि नेरुळ येथील एका हंगामाचा पडताळा

ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) टिपायला येणाऱ्या छायाचित्रकारांत कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला यावर जितका खल होतो, तितका लेन्सवर होत नाही. सगळी शिल्लक बॉडीवर खर्च करून लेन्सपाशी हात आखडता घेतलेले कितीतरी जण मला होडीवर भेटले आहेत. म्हणून गेल्या हंगामात, नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत, मी तीन संच त्याच जागी आणि त्याच पक्ष्यांवर वापरून पाहिले. पहिला संच माझा जुना आहे: निकॉनचा डी५०० हा २०१६ सालचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि त्यावर २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स (मिमीचा आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त मिळतो). दुसरा अलीकडे घेतलेला: निकॉन झेड६ थ्री ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी आणि १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३. तिसरा संच कळव्याला राहणाऱ्या मित्राने मोठ्या मनाने सहा आठवडे माझ्याकडे ठेवला: ओएम सिस्टिमची ओएम-१ ही मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरची) बॉडी आणि ३०० मिमी एफ/४ ही स्थिर फोकल लेंथची, म्हणजे झूम न होणारी, लेन्स, जी ऑलिंपसच्या काळातली, २०१६ सालची आहे.

जागेबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण लेन्सची निवड तिथूनच सुरू होते. खाडीच्या पश्चिमेकडचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने जाताना अडचण अशी असते की, होडी चालायला पुरेसे पाणी हवे आणि रोहितांना चरायला उघडा चिखल हवा, त्यामुळे भरती-ओहोटीच्या मधला थोडाच काळ कामाचा असतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने, पाणी आणि सकाळचे ऊन यांचा मेळ बसेल असे दिवस पंधरवड्यात मोजकेच मिळतात. उधाणाच्या भरतीत चिखल बुडाला की पक्षी नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ जागी येऊन विसावतात, आणि तिथे पायी जाऊन बरेच जवळून छायाचित्रे घेता येतात, अर्थात तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट मोकळी असेल तरच. होडी थव्यापासून अंतर राखून थांबते, आणि ते योग्यच आहे. त्या अंतरावरून फुल फ्रेमच्या हिशेबात ६०० मिलिमीटरपेक्षा कमी लेन्सने पक्षी चौकटीत ठिपक्याएवढा दिसतो. तिन्ही संच या कसोटीला उतरतात. डी५०० चा सेन्सर लहान असल्याने त्यावरची ५०० मिमी लेन्स ७५० मिमीचे दृश्य देते, आणि ओएम-१ वरची ३०० मिमी लेन्स बरोबर ६०० मिमीचे.

वजनाचा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा अंगावर फार जास्त जाणवतो. डी५०० आणि २००-५०० मिळून सुमारे ३.१ किलो होतात, झेड६ थ्री आणि १८०-६०० कॉलर (ट्रायपॉडला जोडायचे कडे) धरून २.९ किलो, तर ओएम-१ आणि ३०० मिमी कॉलरसकट दोन किलोंच्या जरा वर. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, ऐरोलीला उतरून चालायचे, दोन तास होडीत उभे राहायचे आणि परतताना कामावर निघालेल्या गर्दीत पाठीवरची बॅग पोटाशी धरायची, या सगळ्यात तो एक किलो कुठे असतो ते खांदा अचूक सांगतो. डी५०० धरून साधारण चाळीस सेकंदांनी माझा डावा हात थरथरू लागतो. ओएम-१ मी डोळ्याशी लावून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची पूर्ण घिरटी संपेपर्यंत धरू शकलो, आणि मला त्या पक्ष्याची सर्वांत चांगली फ्रेम मिळाली ती याच एका कारणाने.

आता ज्यावरून सर्वांत जास्त गैरसमज आहेत त्या प्रकाशाकडे येतो. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट असते, म्हणून लहान सेन्सर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मागे, असे सर्रास म्हटले जाते. दोन्हींवर त्याच एफ-आकड्याची, त्याच दृश्यकोनाची लेन्स असेल तर ते खरेही आहे. पण खाडीवर तशी तुलना कोणी करत नाही, कारण फुल फ्रेमवर त्यासाठी लागणारी ६०० मिमी एफ/४ लेन्स विकत घेणारे आपल्यात किती आहेत? पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश आत घेतला जातो हे लेन्सच्या प्रभावी ॲपर्चरच्या व्यासावर ठरते, आणि तो काढायला फोकल लेंथला एफ-आकड्याने भागले की झाले. १८०-६०० साठी ६०० भागिले ६.३, म्हणजे सुमारे ९५ मिमी. २००-५०० साठी ८९ मिमी. ओएमच्या ३०० मिमी एफ/४ साठी ७५ मिमी. वर्ग करून पाहिले तर १८०-६०० आणि ओएमची ३०० मिमी या लेन्समधला फरक एका स्टॉपच्या दोन-तृतीयांशाइतकाच निघतो. त्याच ओएमची १००-४०० मिमी एफ/५-६.३ लेन्स मात्र टोकाला जेमतेम ६३ मिमीचा व्यास देते. दुकानात लहान संच म्हणून बहुधा तीच पुढे केली जाते आणि मग घेणारा सेन्सरला दोष देतो.

हा हिशेब प्रत्यक्षात कितपत खरा ठरतो हे जानेवारीतल्या एका सकाळी नीट पाहता आले. सव्वासातच्या सुमारास सूर्य वर आला तेव्हा खाडीवर धुरकट पडदा होता आणि १/१००० सेकंदाच्या शटरला तिन्ही कॅमेरे ३२०० ते ६४०० आयएसओपर्यंत (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) जात होते. समोर लहान रोहितांची एक रांग चोच उलटी धरून चिखल गाळत होती. लहान रोहिताची चोच काळपट लाल असते आणि लांबून सरसकट काळीच भासते. त्या चोचीचा लाल रंग, टोकाचा काळा भाग आणि डोळ्याभोवतीची गडद त्वचा वेगवेगळी दिसतात की नाही, ही माझी परीक्षा होती. झेड६ थ्रीच्या फाइलमध्ये तिन्ही स्वच्छ वेगळ्या दिसल्या आणि चोचीवरून ओघळणारा चिखलाचा थेंबही सापडला. ओएम-१ मध्ये मूळ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलला नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, पण आजच्या नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेल्यावर रंगांच्या सीमा शाबूत राहिल्या आणि ए३ आकाराच्या छपाईत मित्राला व मला दोन्हींतला फरक शोधावा लागला. डी५०० मध्ये मात्र चोच आणि डोळा यांचा एकच गडद डाग झाला. त्याची लेन्स प्रकाशाच्या बाबतीत ओएमच्या लेन्सपेक्षा पुढे आहे, तेव्हा हा दोष सेन्सरच्या वयाचा मानायला हवा. ऊन चढल्यावर वेगळी काळजी घ्यावी लागते: रोहिताच्या पंखांवरचा गुलाबी रंग हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) एकत्रित रेषेत सुरक्षित दिसतो आणि लाल चॅनेल (लाल रंगाची वेगळी नोंद) मात्र केव्हाच फुटलेले, म्हणजे तपशील जाण्याइतके उजळलेले, असते. तिन्ही कॅमेऱ्यांवर मी अर्धा ते पाऊण स्टॉप एक्सपोजर कमी ठेवतो.

ऑटोफोकसबाबत डीएसएलआरचे दिवस सरले, हे मी जड मनाने लिहितो, कारण डी५०० ने मला आठ वर्षे उत्तम साथ दिली. शंभर शेकाटे एकदम उठतात तेव्हा नवे दोन्ही कॅमेरे पक्षी ओळखून डोळ्यावर चौकट ठेवतात आणि मला रचनेकडे पाहायला मोकळीक मिळते. डी५०० वर ते सगळे काम अंगठ्याचे आणि सवयीचे असते. नव्या दोघांत झेड६ थ्री गर्दीतही एकच पक्षी जास्त चिवटपणे धरून ठेवतो. ओएम-१ खारफुटीच्या फांद्यांमागे बसलेल्या वंचक बगळ्यावर अनेकदा फसला आणि पुढच्या पानांना चिकटून राहिला. मात्र त्याची प्रो कॅप्चर ही सोय मला कमालीची आवडली. शटर पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम तो रॉमध्ये राखून ठेवतो, त्यामुळे डीपीएस तलावाच्या काठावरून खंड्या सूर मारतो तो नेमका क्षण, जो माझ्या बोटाला कधीच साधला नव्हता, पहिल्याच दिवशी मिळाला. झेड६ थ्रीमध्येही अशी सोय आहे, परंतु मी वापरली तेव्हा ती जेपीईजीपुरतीच होती, आणि लाल चॅनेलची वर सांगितलेली अडचण पाहता खाडीवर मला रॉ फाइल हवीच असते.

होडीत मात्र १८०-६०० ने बाजी मारली. तिचे झूम लेन्सच्या आतच होते, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही, आणि रिंगचा फेरा इतका छोटा आहे की मनगटाच्या एका वळणात १८० वरून ६०० वर जाता येते. मार्चमधल्या एका फेरीत थवा चिखलावरून उठला आणि वळून थेट आमच्या डोक्यावरून गेला. मी झूम मागे घेऊन काळ्या-गुलाबी पंखांचा सगळा पट्टा टिपला. शेजारी मित्राच्या ३०० मिमीमध्ये एकाही पक्ष्याचे दोन्ही पंख पूर्ण बसले नाहीत. २००-५०० ची नळी झूम करताना पुढे सरकते, तिची रिंग खूप फिरवावी लागते आणि तेवढ्यात थवा निघून जातो. कोणतीही लेन्स असो, ती होडीच्या कठड्यावर टेकवू नये, कारण इंजिनाची बारीक थरथर थेट काचेपर्यंत पोचते आणि स्टॅबिलायझेशन तिच्यापुढे हतबल होते. आमच्या नावाड्याने मला पहिल्याच वर्षी सांगितले होते, "दादा, मी इंजिन बंद केलं की मगच फोटो काढा, तोवर पक्षी बघून घ्या." तो सल्ला मी अजून पाळतो.

दहाच्या पुढे चिखल तापला की हवा लहरू लागते आणि मग तिन्ही लेन्सची धार (चित्राचा रेखीवपणा) सारखीच मऊ होते. एप्रिल-मेमध्ये हे त्याहून लवकर सुरू होते. त्या फाइल पाहून लेन्स खराब आहे असे ठरवून ती परत करायला निघालेले दोघे जण मी स्वतः थांबवले आहेत. लेन्स तपासायची तर पहाटे आणि वीस-पंचवीस मीटरच्या आत बसलेल्या पक्ष्यावर तपासावी.

सोनीच्या २००-६०० आणि कॅननच्या आरएफ २००-८०० या लेन्स मी प्रत्येकी दोनच सकाळी हाताळल्या, म्हणून थोडक्यात लिहितो. सोनीची २०१९ सालची लेन्स निकॉनच्या १८०-६०० सारखीच आतल्या आत झूम होते आणि धारेतही तोडीस तोड आहे. ज्यांच्याकडे आधीच सोनीची बॉडी आहे त्यांनी दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. कॅननची लेन्स ८०० मिमीला एफ/९ होते ते ऐकून लोक नाके मुरडतात, पण ८०० भागिले ९ म्हणजे जवळपास ८९ मिमी, म्हणजे माझ्या जुन्या २००-५०० इतकीच. तिची नळी मात्र बरीच बाहेर येते आणि भरलेल्या होडीत पुढच्या माणसाच्या टोपीला लागते.

नळी बाहेर येण्याचा आपल्याकडे आणखी एक तोटा आहे. अशी लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते आणि ठाण्यातल्या पावसाळ्यात त्या हवेबरोबर ओल आत जाते. एका वर्षी माझी २००-५०० जून ते सप्टेंबर कापडी बॅगेत, कपाटाच्या तळाशी राहिली आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उमटली. जिथे ती साफ करायला दिली, तिथून ती दोन महिन्यांनी परत आली, एक घटक किंचित तिरका बसवलेला, आणि डावी कड कायमची मऊ झालेली. दुसऱ्यांदा दिली तेव्हा तो दोष "लेन्सच्या मर्यादेतला" असल्याचे लेखी उत्तर मिळाले. त्यानंतर मी ड्राय कॅबिनेट घेतले आणि त्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. लेन्सच्या अंदाजपत्रकात या कपाटाचे पैसे पहिल्यापासून धरावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मी स्वतः झेड६ थ्री आणि १८०-६०० हाच संच पुढे वापरणार आहे, कारण माझी निम्म्याहून जास्त छायाचित्रे होडीतून येतात आणि तिथे झूम लागतेच. पण जे मुख्यतः पायी फिरतात, सकाळी येऊरच्या चढावर आणि दुपारी नेरुळच्या तलावाकाठी जातात, किंवा ज्यांचे खांदे-मनगट आता साथ देत नाहीत, त्यांनी ओएम-१ आणि ३०० मिमी हा संच निःशंकपणे घ्यावा. लहान सेन्सरच्या नावाने घाबरू नये. तो घेण्यातली खरी अडचण वेगळी आहे: ठाणे-वाशीतल्या मी पालथ्या घातलेल्या दुकानांत निकॉन, कॅनन, सोनी काउंटरवर हातात घेता आले, ही लेन्स एकाही ठिकाणी नव्हती. तेव्हा आधी कोणाची तरी मागून एक सकाळ वापरावी.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी वापरलेली २००-५०० अजूनही चांगला सौदा आहे, आणि एफटीझेड अडॅप्टर लावून ती नव्या झेड बॉडीवर पूर्ण ऑटोफोकससह चालते. घेताना नळी ५०० वर पूर्ण बाहेर काढावी, मागचे झाकण काढावे आणि पुढच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून मागून पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर चालतील. कडेपासून आत सरकलेले पांढुरके धागे दिसले तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी लेन्स तिथेच ठेवून यावे.