उंदराने वायरिंग खाल्लंय? आधी इथे दाखवा

चिंचवडमधला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा छोटासा गाळा आहे, बाहेरून बघितलं तर गाडी द्यावी की नाही असं वाटतं, पण काम एक नंबर. माझ्या गाडीत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग सगळ्या लाईटी एकदम पेटल्या होत्या, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नीट न बघताच अख्खा हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) बदला म्हणून कोटेशन हातात दिलं. इथल्या दादांनी बॅटरीची वायर काढली, ओबीडी सॉकेटच्या (गाडीचा बिघाड तपासायचं मशीन जोडतात तो) ६ आणि १४ नंबर पिनला मीटर लावला नि म्हणाले, "साहेब, ६० ओहम पाहिजे, १२० दाखवतंय, कॅन लाईन तुटलीय कुठेतरी." कॅन म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. शोधत शोधत ईसीयूकडे (गाडीच्या कंप्युटरकडे) जाणारी कुरतडलेली वायर सापडलीच! तेवढ्याच जाडीची वायर, क्रिंप (दाबून बसवलेला जोड), वर हीट श्रिंकची नळी (गरम केली की आवळून बसते ती), आणि मुख्य म्हणजे दोन वायरींचा पीळ होता तसा परत घातला, नाहीतर नॉइज घुसतो म्हणे. नुसती चिकटपट्टी गुंडाळणारे लई बघितलेत. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला मात्र हात लावत नाहीत, कंपनीतच जा म्हणतात, ते उलट पटलं. एक स्टार कापला कारण पार्किंगची बोंब आणि पक्कं बिल मागितलं की टाळाटाळ.