चेनला स्प्रे की नव्वद नंबर?

पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘मोटरसायकलच्या चेनला लावायला काहीतरी द्या’ असे म्हटले, की काउंटरवर दोन वस्तू येतात. एक म्हणजे लाल नळीवाला चेन ल्यूबचा स्प्रे आणि दुसरी म्हणजे गॅरेजवाले ज्याला नुसते ‘नव्वद नंबर’ म्हणतात ते गिअर ऑइल. मी पहिली चार वर्षे स्प्रे वापरला आणि गेली तीन वर्षे तेल वापरतो आहे, त्यामुळे माझे माप कुठल्या पारड्यात पडणार हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल. तरीही स्प्रे वापरणारे चुकतात असे मला म्हणायचे नाही. काही प्रवासांना मी स्वतः आजही तोच नेतो. येथे ओ-रिंग किंवा एक्स-रिंग, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा, असलेली चेन गृहीत धरली आहे, कारण दूरच्या प्रवासासाठी घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना तीच येते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे काही लिहिले असेल, तर अर्थात पुस्तिकेचे ऐकावे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण दुकानदार बहुधा त्याच्याच आधारावर महागडा डबा खपवतात. ‘हा स्प्रे आतपर्यंत मुरतो’ असे सांगितले जाते. परंतु रिंगवाल्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते आणि ते आत राहावे म्हणूनच दोन्ही बाजूंना रबरी रिंगा बसवलेल्या असतात. बाहेरून लावलेले काहीही तेथे पोहोचत नाही, पोहोचायला नकोही. आपण लावतो ते वंगण रोलर आणि स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात यांच्यामधली झीज कमी करते, कड्यांच्या बाजूच्या पाट्यांना गंज चढू देत नाही आणि रिंगा कोरड्या पडून तडकू नयेत एवढी ओल त्यांना देते. ही तीनही कामे स्प्रे करतो आणि तेलही करते. म्हणून निवड करायची ती कोणते वंगण जास्त ‘ताकदीचे’ आहे यावर नव्हे, तर कोणते आपल्या हातून वेळच्या वेळी लावले जाईल यावर, असे माझे मत आहे.

स्प्रेची जमेची बाजू खरोखर मोठी आहे. त्यातला द्रव पातळ असतो म्हणून तो कड्यांच्या फटींत सहज पसरतो, मग त्यातले विद्रावक उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. हा थर चाकाच्या वेगाने सहजासहजी उडत नाही. पुण्याहून बेंगळुरूपर्यंतचा सुमारे ८४० किलोमीटरचा रस्ता कोरड्या दिवसांत एका दमात कापायचा असेल, तर आदल्या रात्री स्प्रे मारून निघावे आणि पोहोचल्यावरच चेनकडे पाहावे. रिम स्वच्छ राहते, कपडे स्वच्छ राहतात, वाटेत हात काळे होत नाहीत. मात्र ‘आदल्या रात्री’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. पेट्रोल पंपावर चहा होईपर्यंत स्प्रे मारून लगेच गाडी दामटली, तर थर बसण्याआधीच बराचसा माल स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) आणि नंबरप्लेटच्या मागे जाऊन बसतो, आणि मग ‘स्प्रे उडत नाही’ ही त्याची कीर्ती खोटी वाटू लागते.

माझे मन फिरले ते दुसऱ्याच कारणाने. पावसाळा सरता सरता आम्ही ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला गेलो होतो. घाटातला चिखल, पुढे कोकणची तांबडी माती आणि शेवटी किनाऱ्यालगतची बारीक वाळू असा तिहेरी प्रसाद चेनला मिळाला. मी शहाणपणाने आधी स्प्रे मारला होता, आणि दिवेआगरच्या मुक्कामी चेन जरा कोरडी वाटली म्हणून त्यावर पुन्हा एक हात दिला. परत आल्यावर आठवडाभराने कोथरूडच्या रस्त्यावर गाडी हळू चालवताना मागच्या चाकापाशी ‘टक्, टक्’ असा ठरावीक अंतराने आवाज येऊ लागला. चेनचा ढिलेपणा पाहिला तर चाक फिरवावे तसा तो बदलत होता, एका जागी चेन ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती. हे लक्षण ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको: एखादी कडी अडकली आहे किंवा चेन एका ठिकाणी जास्त ताणली गेली आहे.

कोणती कडी, हे मात्र दिसेना. चेनवर काळा, चिवट, वाळूने भरलेला लेप चढला होता आणि त्याखाली रिंग आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हते. रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण उघडले, तर आत कोपऱ्यात अंगठ्याएवढा जाड थर बसलेला होता, आणि तो कपड्याने पुसला जाणे तर दूरच, जुन्या चिक्कीसारखा स्क्रू ड्रायव्हरने तुकडे करून काढावा लागला. मग रॉकेल, मऊ ब्रश, पुन्हा रॉकेल, जुने बनियन, असे करत दीड तास गेला. चेन स्वच्छ झाल्यावर अडकलेली कडी सापडली. तिच्या एका बाजूची रिंग तुटून गेली होती आणि आत गंजाची लाली दिसत होती. ती रिंग कधी तुटली कोण जाणे, कारण दर वेळी मी वरून नवा थर चढवत होतो आणि चेन चकचकीत दिसते म्हणून समाधान मानत होतो. फरशीवर पडलेल्या काळ्या डागांवरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी जो संवाद झाला, तो येथे देत नाही.

त्यात दोष स्प्रेचा किती आणि माझा किती, हा प्रश्न रास्त आहे. आधीचा थर धुऊन मगच नवा मारावा, असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असते. पण चेन धुणे हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे, घाण आणि वास दोन्ही करणारे असते, आणि प्रवासात मुक्कामाच्या ठिकाणी ते कोणी करत नाही. मी तर सर्व्हिसिंगच्या वेळीसुद्धा एका ठिकाणी मळक्या चेनवरच स्प्रे मारताना पाहिले आहे. जी गोष्ट नीट करायची तर दर वेळी अर्धा तास मोडतो, ती आपण टाळतो. आणि टाळली, तर स्प्रेचा चिकटपणा हाच त्याचा गुण वाळू धरून ठेवण्याच्या कामी येतो.

नव्वद नंबरचे तसे नाही. ते मुळात गिअरबॉक्ससाठीचे तेल, आणि कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत चेनसाठी ८० किंवा ९० ग्रेडचे गिअर ऑइल सुचवलेले सापडते. ‘नव्वद म्हणजे फारच घट्ट असेल’ ही भीती मलाही होती, परंतु गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गरम असताना नव्वद नंबरचे तेल साधारण ४० ते ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. ते चिकटून बसत नाही, थोडे थोडे उडत राहते, आणि उडताना धूळही बरोबर घेऊन जाते. उरलेली धूळ फडक्याला सहज येते. म्हणजे तेल लावण्याआधी चेन पुसली की अर्धे धुणे तेवढ्यातच होऊन जाते. तीन वर्षांत मी रॉकेल घेऊन बसलो तो चार-पाच वेळाच, आणि पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण उघडल्यावर आत तेलकट धुळीपलीकडे काही निघाले नाही.

लावायची माझी पद्धत अगदी साधी आहे. शिलाई मशीनच्या तेलाला असते तशी चोचवाली छोटी बाटली घ्यावी. दिवसाचा प्रवास संपून चेन कोमट असतानाच फडक्याने पुसावी, आणि खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूने, रिंगांच्या दोन्ही ओळींवर बारीक धार सोडत चाक हाताने फिरवावे. फिरताना तेल आपोआप बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून बाहेरून ओतण्यात अर्थ नाही. दहा मिनिटे थांबून पुन्हा एकदा पुसून घ्यावे. दिसायला चेन जवळजवळ कोरडी वाटली तरी चालते. गाडीला डबल स्टँड नसेल, तर ढकलत ढकलत हातभर चेन पुढे आणावी आणि तेवढीच करावी, त्याला पर्याय नाही. इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत कपडा लावण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. फडके दातांत गेले की त्यामागोमाग बोटेही जातात.

आता तेलाची काळी बाजू, शब्दशः काळी. ते उडते. डाव्या बाजूच्या रिमवर बारीक ठिपके पडतात, आणि हात सैल सुटला तर मागे बसणाऱ्याच्या पायापर्यंत पोहोचतात. सुरुवातीच्या दिवसांत भोरकडे जाताना मी उदार मनाने तेल ओतले होते. वरंधा घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा फिकट सलवारीवरची नक्षी पाहून पत्नीने एवढेच विचारले, “अहो, ही गाडी आहे की घाणा?” तेव्हापासून दोनदा पुसण्याचा नियम अंगवळणी पडला. ठिपके रिमवर पडले तर पुसता येतात. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तेल जाता कामा नये, हे वळणावळणाच्या रस्त्यावर केवळ स्वच्छतेचे प्रकरण उरत नाही.

दुसरी उणीव पावसाची. ऐन जुलैच्या पावसात माझ्या अंदाजाने दीडशे किलोमीटरमध्ये तेल धुऊन निघते, तर स्प्रेचा थर याच्या दुप्पट तरी टिकतो. कोरड्या दिवसांतही मी तीनशे ते चारशे किलोमीटरला तेल लावतो. स्प्रे असताना पाचशे-सहाशेपर्यंत निभावत असे. मात्र पावसातल्या मुक्कामी एक गोष्ट उलटी होते. संध्याकाळी चेन ओलीच असते, आणि ओल्या चेनवर स्प्रे मारला तर पाणी खाली अडकते. लॉजच्या उघड्या अंगणात ती वाळेपर्यंत कोण थांबणार? तेलाच्या वेळी मी कपड्याने शक्य तेवढे पाणी टिपतो, तेल लावतो, सकाळी निघण्याआधी पुन्हा एकदा पुसतो, आणि आजवर गंजाची लाली दिसलेली नाही. कदाचित हे माझ्या नशिबाचेही असेल.

सामानाच्या दृष्टीने तेल सोयीचे पडते. शंभर मिलिलिटरची बाटली दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली की आठ-दहा वेळचे काम होते. स्प्रेचा डबा जागा खातो, त्याचे बटण सॅडलबॅगमध्ये दाबले गेले तर सगळे कपडे वंगणात भिजतात (हे मी अनुभवलेले आहे), आणि नळी हरवली की नेम धरता येत नाही. गाडी रेल्वेच्या पार्सलने उत्तरेकडे पाठवून आपण विमानाने जाणार असलो, तर असा ज्वालाग्राही डबा विमानाच्या सामानात चालत नाही. तिथे पोहोचून नवा शोधावा लागतो. नव्वद नंबर मात्र ट्रकवाले जेथे थांबतात तेथे मिळते. खर्चाचा फरक एवढा आहे की त्याची तुलना मांडण्यातही अर्थ नाही: एक लिटरचा डबा मला दोन वर्षे पुरला.

चेन सेटच्या, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट यांच्या, आयुष्याबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो. स्प्रेवर चाललेला पहिला सेट एकवीस हजार किलोमीटरला बदलावा लागला. तेलावरचा दुसरा सव्वीस हजारांवर आहे आणि मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहिली तर अजून अर्धा दातही उघडा पडत नाही. यावरून तेल श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही, कारण पहिल्या सेटच्या वेळी चेनचा ढिलेपणा तपासण्याबाबत मी फारच निष्काळजी होतो, आणि चेन फाजील ताणून ठेवली तर कुठलेही वंगण तिला वाचवत नाही.

इंजिनातून काढलेले जळके ऑइल चेनला लावणारे अजूनही भेटतात. त्यात धातूचा बारीक कीस आणि आम्ले असतात, तेव्हा फुकट मिळते एवढ्यासाठी ते लावू नये. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने धुणे रिंगांचा जीव घेते. रॉकेल मिळेनासे झाल्यावर मी डिझेलवर काम भागवतो, पण धुऊन झाल्यावर लगेच कोरडे पुसतो.

तेव्हा ज्याचा प्रवास मुख्यतः हायवेचा आहे, मागे नेहमी कोणी बसते आणि घरी चेन नीट धुण्याची सोय व सवय दोन्ही आहेत, त्याने स्प्रे खुशाल घ्यावा. घाट, कोकण, कच्चे रस्ते आणि रोज रात्री नवा मुक्काम असे ज्याचे फिरणे आहे, त्याला मी नव्वद नंबर सुचवीन, फडक्याच्या दोन तुकड्यांसह. माझ्याकडच्या शेवटच्या स्प्रेचा अर्धा डबा अजून फळीवर आहे. डिसेंबरात बेंगळुरूला जाताना तो वापरतो, आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी चेन पूर्ण धुऊन काढतो, पार्किंगच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरून.